सीसाउंडमध्ये पहिली रचना: तानपुऱ्यापासून कॉपीराइटच्या अर्जापर्यंत

पियानोचे सूर न दाबता, माउसने रंगीत पट्ट्या न सरकवता, सीसाउंड (Csound) या सॉफ्टवेअरमध्ये नुसता आज्ञांचा मजकूर टाइप करून संगीत तयार करता येतं हे मला जून 2024 पर्यंत ठाऊक नव्हतं. फेब्रुवारी 2025 मध्ये माझी सहा मिनिटांची रचना पूर्ण झाली आणि तिच्या कॉपीराइटचा अर्जही भरून झाला. मधल्या काळात मराठीत कुणी याबद्दल लिहिलंय का ते शोधत होते. फारसं काही हाती लागलं नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतेय.

मी अकाउंट्समध्ये नोकरी करते. प्रोग्रॅमिंग शिकलेले नाही. गाणं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा पूर्णपर्यंत झालंय, तेही लग्नाआधी. लॅपटॉप जुना, 4 जीबी रॅमचा. भांडवल इतकंच.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या मुलाने कोड लिहून संगीत करण्याच्या सॉफ्टवेअरची यादी दिली होती: सोनिक पाय, सुपरकोलायडर, टायडलसायकल्स, चक, सीसाउंड. पहिल्या दोन आठवड्यांत थोडं थोडं सगळंच चाखून पाहिलं. सोनिक पाय सगळ्यात सोपं, दहा मिनिटांत ताल धरतं. मंचावर सगळ्यांसमोर कोड लिहीत वाजवायचं असेल तर टायडलसायकल्सकडे जावं. मला मंचावर काही करायचं नव्हतं. मला घरी बसून, सावकाश, एकेक स्वर घडवायचा होता आणि सीसाउंड मुळातच त्या घराण्यातलं आहे. 1957 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम 704 या संगणकावर आपल्या प्रोग्रॅमने पहिली रचना वाजवली, ती होती 17 सेकंदांची. त्यातून पुढे एक पद्धत रुळली: वाद्य कसं आहे ते एका जागी लिहायचं, ते कधी आणि काय वाजवेल ते दुसऱ्या जागी. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या बॅरी व्हरको यांनी तीच पद्धत 1986 च्या सुमारास सी या प्रोग्रॅमिंग भाषेत आणली, तेच सीसाउंड. ते पूर्ण फुकट आहे. खर्चाच्या रकान्यात इथे शून्य.

पावसाने लोकल रखडलेल्या एका शनिवारी इन्स्टॉल केलं. फाइलमध्ये मुख्य दोन भाग असतात. वरच्या भागात वाद्यं, खालच्या भागात स्कोअर. स्कोअरमधली एक ओळ म्हणजे एक स्वर: वाद्याचा क्रमांक, कोणत्या सेकंदाला सुरू, किती वेळ, आणि त्यापुढे आपल्याला हवे ते आकडे. उदाहरणार्थ वाद्य 1, सुरुवात 0, लांबी 4, जोर 0.2, कंपनसंख्या 207.65. हे पाहिल्यावर माझी निम्मी भीती गेली. मी पूर्ण स्कोअर शेवटपर्यंत एक्सेलमध्येच लिहिला. सुरुवातीच्या वेळांना सूत्र लावलं की एक स्वर लांबवला तर पुढचे आपोआप सरकतात. मग रकाने कॉपी करून फाइलमध्ये चिकटवायचे. मधली टॅबची जागा सीसाउंडला चालते.

पहिल्या दिवशी ज्या गोष्टींनी बहुतेकांचं डोकं फिरतं त्या आत्ताच सांगते. सहाव्या आवृत्तीत फाइलच्या सुरुवातीला कमाल आवाज 1 धरण्याची एक ओळ घालावी लागते. ती नसेल तर सीसाउंड जुन्या सवयीने कमाल आवाज 32768 धरतं. मग तुमचा 0.2 जोराचा स्वर म्हणजे शांतताच. सगळं बरोबर लिहिलंय, 'शून्य चुका' असा संदेश येतोय आणि ऐकू काही येत नाही, असं झालं तर आधी ही ओळ पाहा. दुसरी गोष्ट, स्वर संपताना येणारा 'टक्' आवाज. लहर मधेच कापली गेली की तो येतो. लाइनेन नावाच्या आज्ञेने सुरुवातीला शंभरांश सेकंद चढ आणि शेवटी दशांश सेकंद उतार दिला की गेला. तिसरी गोष्ट म्हणजे चलांची, म्हणजे किंमत साठवणाऱ्या जागांची, नावं. नाव 'ए'ने सुरू झालं तर त्याची किंमत सेकंदाला 44,100 वेळा बदलते, 'के'ने सुरू झालं तर त्याहून बरीच कमी वेळा, आणि 'आय'ने सुरू झालं तर स्वराच्या आरंभी एकदाच. हे एकदा कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं, तेव्हापासून निम्मे एरर संदेश बंद झाले.

आता मूळ अडचणीकडे. पहिला स्वर वाजला आणि माझा विरसच झाला. निर्जीव, सपाट 'टूं'. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, मायक्रोवेव्ह झाला वाटतं." तिथे कळलं की हे सॉफ्टवेअर स्वतःहून काहीच देत नाही. हार्मोनियमची पट्टी दाबली की भाता, पत्ती, लाकूड असं सगळं मिळून काहीतरी देतातच. इथे स्वर कसा सुरू व्हावा, कुठे रुंदावा, त्यात वरचे अंश (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे सोबतचे सूर) किती असावेत, कसा विरावा, सगळं आपण सांगायचं. आणि सांगायचं तर आधी ऐकलेलं हवं. कोडची भीती जुलैत संपली. कान मात्र शेवटपर्यंत पुरे पडले नाहीत.

कानाचं पुढे सांगतेच, त्याआधी हेडफोनचं बघते. ब्लूटूथवाले बाजूला ठेवा, आवाज दाबून पाठवतात आणि उशिराने पोचवतात. वायरवाले, कान पूर्ण झाकणारे घ्या. मी मुलुंडहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरून 2,400 रुपयांचे घेतले. या सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत मोठी खरेदी. दुकानात स्वतःच्या फोनवरून ओळखीचा तानपुरा लावून ऐका, दुकानदाराच्या ढॅणढॅण गाण्यावर निवडू नका. आणि नवा कोड पहिल्यांदा चालवताना हेडफोन कानावर नको, टेबलावर ठेवा. एक दशांशचिन्ह इकडचं तिकडे झालं तर कानठळ्या बसतील इतका आवाज येऊ शकतो. वाद्याच्या कोडच्या शेवटी लिमिट नावाची आज्ञा लावून ठेवली की त्याला छत बसतं.

जुलै आणि ऑगस्ट तानपुऱ्यात गेले. माझा सा काळी चार, म्हणजे 207.65 हर्ट्झ. पंचम त्याच्या दीडपट, 311.5. खर्ज निम्मा, 103.8. आकडे सोपे. पण तारेची जवारी, तो गुंजणारा झणकार, आकड्यात कशी आणायची? प्लक नावाची आज्ञा छेडलेल्या तारेचा आवाज बऱ्यापैकी देते, पण तो गिटारकडे झुकतो. मग वाचता वाचता झां-क्लोद रिसे या फ्रेंच संगीतकाराची एक युक्ती सापडली. एकच स्वर नऊ आवर्तकांतून (लहर निर्माण करणाऱ्या घटकांतून) वाजवायचा, मात्र प्रत्येक आवर्तक शेजारच्यापेक्षा फक्त 0.03 हर्ट्झने वेगळा. म्हणजे 103.80, 103.83, 103.86 असं. आणि प्रत्येकात मूळ स्वराबरोबर पाचवा ते दहावा अंशस्वर घालायचा.

हे का चालतं तेही सांगते, कारण ते समजलं तेव्हा मी एकटीच खुर्चीत हसत होते. मूळ स्वरात शेजाऱ्यांमधला फरक 0.03, म्हणून त्यांची लाट (एकत्र आवाजाचा चढउतार) सुमारे तेहतीस सेकंदांनी एकदा येते. दहाव्या अंशात तोच फरक दहापट, 0.3, म्हणून ती लाट साधारण सव्वातीन सेकंदांनी येते. प्रत्येक अंशाची भरती-ओहोटी वेगळ्या वेळी. त्यामुळे कुणी काही न छेडता अंशस्वर एकामागून एक वर येतात आणि बुडतात. आता ते स्वर कोणते ते पाहा. खर्जाचा पाचवा अंश शुद्ध गंधार, सहावा पंचम, सातवा जरा उतरलेला कोमल निषाद, आठवा षड्ज, नववा रिषभ, दहावा पुन्हा गंधार. गाण्याच्या क्लासमध्ये बाई म्हणायच्या, "तानपुरा नीट जुळला की स्वयंभू गंधार आपोआप ऐकू येतो, ऐका." मला तो तेव्हा कधीच नीट ऐकू आला नव्हता, मी नुसती मान डोलवायचे. तो मला ऐकू आला 2024 च्या ऑगस्टमध्ये, जुन्या लॅपटॉपमधून. दुसऱ्या दिवशी खरा तानपुरा ऐकला, तर त्यातही लख्ख होता.

7 सप्टेंबरला गणपती आले. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मंडळ. अनंत चतुर्दशीपर्यंत बारीक ऐकण्याचं काम अशक्य. त्या दिवसांत एक्सेलमध्ये प्रत्येक स्वर सा च्या किती पट ती गुणोत्तरं मांडून ठेवली: रे 9/8, ग 5/4, म 4/3, ध 5/3, नी 15/8. सा बदलला की सगळे आकडे बदलतात. ही एक एक्सेल शीट आयुष्यभर पुरेल.

सप्टेंबरअखेर ती वापरली. माझा गंधार 207.65 च्या सव्वापट, 259.6 येतो. हार्मोनियमवर तीच पट्टी समान विभागणीच्या (सप्तकाचे बारा सारखे भाग) हिशेबाने 261.6 ला असते. दोन्ही एकत्र वाजवले तर सेकंदाला दोनदा हेलकावा येतो, अगदी मोजता येण्यासारखा. तानपुऱ्यावर एकदा हा लावला, एकदा तो. हार्मोनियमवाला गंधार त्या स्वयंभू गंधाराशी सरळ भांडतो. हार्मोनियमच्या साथीवरून आपल्याकडे एवढे वाद का झाले हे मला मध्यमाच्या शास्त्राच्या पेपरात पाठ होतं, ऐकलं आत्ता.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, हे खरं जिव्हारी लागणारं प्रकरण. पंचमावरून गंधारावर यायचं. सरळ रेषेत आणलं तर गिरणीचा भोंगा उतरतोय असं वाटतं. सर्वसाधारण सल्ला असा मिळतो की लिनसेग या सरळ रेषेत नेणाऱ्या आज्ञेऐवजी एक्सपसेग ही गुणोत्तराने नेणारी आज्ञा वापरा, कारण कान स्वरांतलं अंतर वजाबाकीने मोजत नाही, गुणोत्तराने मोजतो. सल्ला खरा आहे, सप्तकभराच्या घसरणीत फरक पडतो. पण प ते ग एवढ्याशा अंतरात या दोन आज्ञांत फरक कळतही नाही. कळतो तो घसरणीचा आकार. शेवटी मी स्वतः ती मींड गायले, फोनवर रेकॉर्ड केली आणि निम्म्या वेगाने ऐकली. पंचमावर बराच वेळ थांबते. मग अनिच्छेने सुटते, मध्यमाला नुसता स्पर्श होतो, गंधाराच्या किंचित खाली जाते आणि वर येऊन टेकते. शिवाय मधल्या प्रवासात आवाज बारीक होतो. हे सगळं मला कुणी शिकवलेलं शब्दांत आठवत नाही, गळ्याला माहीत होतं. मग कॉससेग या आज्ञेने सहा टप्पे लिहिले, जोरासाठी वेगळा आलेख लिहिला. तीन सेकंदांच्या त्या एका जागेला दिवाळी उजाडली. आजही ती रचनेतली मला आवडणारी एकमेव मींड आहे. बाकीच्या ठीक आहेत.

नोव्हेंबरमध्ये रचनेत लोकल आली. विद्याविहारला जलद गाड्या थांबत नाहीत, धडधडत निघून जातात, आणि धीम्या गाड्या ब्रेक लावत येतात. रविवारी दुपारी फलाटाच्या टोकाला उभं राहिलं तर माणसांची बडबड कमी असते. ब्रेकचा तो तीक्ष्ण किंकाळीवजा सूर मला हवा होता. फोनमधली फाइल एम4ए प्रकारची असते, ती सीसाउंड वाचत नाही. ऑडॅसिटीमधून वेव्ह करून घ्या, आणि त्याच वेळी सँपलचा दर (आवाजाची सेकंदाला किती मोजमापं) 44,100 करा. फोन बहुधा 48,000 वर रेकॉर्ड करतो. फाइल थेट वाजवणारी डिस्किन2 ही आज्ञा दरातला फरक स्वतः सांभाळते, पण फाइल टेबलमध्ये (मेमरीतल्या तक्त्यात) भरून वाजवली तर बहुतेक वेळा कुणी सांभाळत नाही आणि सगळं जवळजवळ दीड सेमिटोन (अर्धस्वर) उतरतं. मग ब्रेकचा दोन सेकंदांचा तुकडा मिन्सर या आज्ञेने चाळीस सेकंदांपर्यंत ताणला, स्वर तोच ठेवून. ताणल्यावर त्या एका किंकाळीत तीन-चार सूर वेगवेगळे दिसायला लागले. त्यातला एक धैवताच्या इतका जवळ होता की थोडा ओढून धैवतावर आणून बसवला. फलाटावरची उद्घोषणा मात्र पूर्ण कापली. ब्रेकवर कुणाचा हक्क नाही, उद्घोषणेच्या आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजावर असू शकतो. पुढे अर्ज भरायचा असेल तर असल्या गोष्टी आधीच काढलेल्या बऱ्या.

जानेवारीत सगळं एकत्र केलं. माझा लॅपटॉप इतकी वाद्यं एकदम वाजवू शकत नव्हता, आवाज तुटत होता. सीसाउंडचा मोठा फायदा इथे आहे: प्रत्यक्ष वाजवायची गरजच नाही, फाइलमध्ये लिहायला सांगायचं. सहा मिनिटांच्या रचनेला पंधरा-वीस मिनिटं लागायची. तेवढ्यात कुकर लावून होतो. शेवटी किती सँपल मर्यादेबाहेर गेले तो आकडा येतो. तो शून्य येईपर्यंत एकूण जोर कमी करत जायचा. अंतिम फाइल 24 बिटमध्ये ठेवा, एमपी3 नंतर कधीही करता येते. दर फाइलीच्या नावात तारीख घाला. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'खरंच अंतिम' असं करू नका.

गाण्याच्या बाईंना दादरला जाऊन रचना ऐकवली. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकली. मग म्हणाल्या, "निषाद चढा आहे तुझा. आणि ते गाडीचं जरा लांबलंय." निषाद गुणोत्तराप्रमाणे अचूक होता. तरी त्यांनी म्हटल्यावर मलाही चढा वाटायला लागला. तीन हर्ट्झ उतरवला आणि गाडी आठ सेकंदांनी कापली.

आता कॉपीराइट. मुळात नोंदणी सक्तीची नाही. रचना तयार झाली की 1957 च्या कायद्याप्रमाणे हक्क निर्माण होतोच, आणि संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या हयातीत व नंतर 60 वर्षं टिकतो. नोंदणीचा उपयोग पुरावा म्हणून. कलम 48 प्रमाणे नोंदवहीतली नोंद प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. ओळखीच्या एका वकील ताईंनी हे समजावलं, आणि मगच पैसे भरायचे की नाही ते ठरव म्हणाल्या. मी भरले.

खरा पेच होता वर्ग निवडण्याचा. सीसाउंडची फाइल हा संगणक प्रोग्रॅम आहे, आणि कायद्यात प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. तीच फाइल संगीताचं लेखनही आहे, आणि संगीतकृतीच्या व्याख्येत लेखन येतं. त्यातून निघालेली वेव्ह फाइल हे तिसरंच, ध्वनिमुद्रण. शुल्क संगीतकृतीला 500 रुपये, ध्वनिमुद्रणाला 2,000. ताईंशी बोलून संगीतकृती निवडली, कारण मला राखायची होती ती रचना. कोड कुणी वापरला तर आनंदच आहे.

मग लेखन हवं. भातखंडे पद्धतीत स्वरांचं झालं: खर्जाला खाली टिंब, मींडेला वर कंस. पण ताणलेला ब्रेक कसा लिहायचा? शेवटी आडवी वेळरेषा काढली, वर स्वरलिपी, खाली हर्ट्झचे आकडे, आणि ब्रेकच्या जागी आलेख. मागे पूर्ण कोड जोडला. चार-पाच पानांची पीडीएफ झाली.

अर्ज ऑनलाइन भरता येतो, दिल्लीला द्वारकेला जायची गरज नाही. आधी खातं उघडायचं, मग फॉर्म 14. त्याला तपशिलाची दोन विवरणपत्रं जोडलेली असतात, ती न घाबरता वाचा, रचनाकार आणि मालक तुम्हीच असाल तर बरेच रकाने एकसारखे भरतात. रचना आधी कुठे प्रसिद्ध केली आहे का, हा रकाना महत्त्वाचा. मी अर्जाआधी कुठेच टाकली नव्हती, त्यामुळे 'अप्रकाशित' लिहिता आलं. सहीची स्कॅन केलेली फाइल आधीच तयार ठेवा. पैसे भरले की डायरी क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा, पुढे सगळी चौकशी त्यावरच.

त्यानंतर 30 दिवस कुणाला आक्षेप घ्यायचा असेल तर त्यासाठी राखलेले असतात. त्या मुदतीत काहीच हलत नाही, रोज उघडून बघण्यात अर्थ नाही (मी बघत होते). मग तपासणी होते, शंका असली तर पत्र येतं आणि उत्तराला मुदत मिळते. माझं प्रमाणपत्र पावसाळ्याच्या तोंडावर आलं. एकूण खर्च: हेडफोन 2,400, शुल्क 500, लोकलची तिकिटं, आणि वकील ताईंना नेलेली अर्धा किलो चिरोट्यांची पिशवी. त्यांनी फी घेतली नाही.

ज्यांना लगेच करून पाहायचंय त्यांनी आधी इन्स्टॉलही करू नका. सीसाउंडची ब्राउझरमध्ये चालणारी वेब आवृत्ती आहे, खातं उघडून तिथेच लिहिता येतं. रिसेंच्या नऊ आवर्तकांपासून सुरुवात करा, खर्ज तुमच्या सा प्रमाणे घ्या. 0.03 च्या जागी 0.1 घातलं तर दहावा अंश सेकंदाला एकदा हलतो आणि सगळं घाईचं होतं. 0.01 घातलं तर इतकं सावकाश की दहावा अंशही दहा सेकंदांनी एकदाच हलतो. मला काळी चारच्या सा ला 0.03 बरं वाटलं. लाटेचा वेग सा वर नाही, या फरकावरच ठरतो, तेव्हा पांढरी एकवाल्यांनीही इथूनच सुरुवात करावी.